ओट्याला उंची कुणाची धरायची

पत्रक लिहायचं तर पहिल्या ओळीत शत्रू सांगायचा, दुसरीत अन्याय आणि तिसरीत मागणी. चौथी ओळ कुणी वाचत नाही. शिरूरमध्ये एका छोट्या संघटनेत मी हेच काम करते. एसटीच्या फेऱ्या, रेशनचं धान्य, सातबाऱ्यावर बायकांची नावं, हे आमचे विषय. त्यामुळे घरी नवा ओटा बांधायचं ठरलं तेव्हा माझ्या तिन्ही ओळी तयार होत्या. शत्रू वहिनी. अन्याय असा, की आई आता मला काही विचारत नाही. आणि मागणी, ओट्याला कडप्पाच बसला पाहिजे.

आमचं घर केडगावजवळ. दादा दौंडला रेल्वेत. त्याचं लग्न झालं त्याच वर्षी मी कामाला शिरूरला गेले, आणि वहिनी शिरूरहून आमच्या घरी आली. अदलाबदलच झाली म्हणा. आधी आई मला पातेल्याचं झाकणसुद्धा विचारून घ्यायची. आता मी शनिवारी चौफुल्यावर एसटीतून उतरून घरी पोहोचायचे तोवर सगळं विचारून झालेलं असायचं. पडदे कसले, डबे कुठले, कोथिंबीर कुठल्या वाफ्यात. "तिला इचारलंय," आई म्हणायची. मला ते "तिला" ऐकू आलं की जेवण जायचं नाही.

जुना ओटा कडप्प्याचाच होता. काळा, कडेला टवका उडालेला. आईच्या मापाचा, म्हणजे चांगलाच बुटका. त्याच्या कोपऱ्यावर बसून मी पाढे पाठ केले होते. तो जाणार हे मला कळलं तेव्हा दुकानात जायचा दिवससुद्धा ठरून गेला होता. मी रजा टाकली आणि न बोलावता गेले.

दौंडला पाटस रोडच्या एका दुकानात लाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. वहिनी सरळ पांढऱ्या क्वार्ट्झपाशी गेली. तिच्या माहेरी तसलाच ओटा आहे, मी पाहिलाय. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आई काळ्या ग्रॅनाइटवरून हात फिरवत होती. मी दुकानदाराला म्हटलं, "कडप्पा दाखवा."

"कडप्पा आता खालच्या कप्प्यांना टाकतात, ताई. वरती कोण टाकत न्हाई."

"का? लोकांना वरती चमकच लागते म्हणून?"

"चमकीचं न्हाई. लिंबू सांडलं की डाग धरतो."

"आमच्या घरी वीस वर्षं लिंबू सांडतंय."

आई मधे पडली. "भांडायला आलीस का दगड घ्यायला?"

वहिनीनंच तोडगा काढला. तिन्ही दगडांचे तुकडे घरी न्यायचे, त्यांवर हळद, तेल, लिंबू टाकून ठेवायचं आणि पुसून बघायचं. दुकानदारानं तुकडे दिले. आई तिच्याकडे अशी बघत होती की जणू दगड तिनंच घडवलाय. ही अक्कल मला सुचली नाही म्हणून मी परतीच्या वाटेवर कुणाशी बोलले नाही.

तुकडे मागच्या पडवीत ठेवले. आई मळ्यात, वहिनी शिवणाच्या क्लासला. दोन दिवस पाळत ठेवायला मी एकटी. निवडणुकीत मतपेट्या फोडणाऱ्यांवर मी पत्रकं लिहिलीत, आणि पडवीत बसून मी तेच केलं. पांढऱ्या तुकड्यावर आधी तारेची घासणी फिरवली, चमक घालवली, मग तेलात कालवलेली हळद थापली. कडप्प्यावरचं लिंबू लगेच पुसलं. तरी पांढरट डाग उमटलाच. दुकानदार खरं बोलत होता याचा मला फार राग आला. मी त्यावर खोबरेल चोळलं. डाग गेला. ग्रॅनाइटला हात लावला नाही. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी पडवीत आली. आई अजून यायची होती. पांढरा तुकडा पिवळा पडला होता. तिनं तो उजेडाकडे तिरपा धरला, घासणीचे ओरखडे बोटानं चाचपले. मग कडप्पा उचलला आणि नाकाशी नेला.

"ताई, दगडाला न्हाऊ घातलंत व्हय?"

मी म्हटलं, "काय?"

"तुमच्या डोक्याचा वास येतोय ह्याला."

आई आली, पाय धुतले, म्हणाली, "काय ठरलं?" आता ही सांगणार, मी वाट बघत उभी राहिले. वहिनी म्हणाली, "पांढरा नको आई, पिवळा पडतो. कडप्पाबी डाग धरतो. काळा ग्रॅनाइट घेऊ, तुम्हाला आवडला होता तो."

बस. एवढंच. चहाडी नाही, टोमणा नाही. तिनं सांगितलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मला झाकलं, आणि त्याचा मला चोरी पकडली गेल्यापेक्षा जास्त संताप आला. चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला का जावा?

रविवारी मिस्त्री आले, आईच्या ओळखीतले, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांची रीत अशी की ओट्यापाशी जी राबणार त्या बाईला भिंतीला उभं करायचं, कोपर वाकवायला सांगायचं, आणि कोपराच्या खाली वीतभर सोडून भिंतीवर लाल पेन्सिलीची रेघ मारायची. त्या रेघेवर दगड बसणार. मामांनी पेन्सिल कानामागून काढली.

"उंची कुणाची धरू?"

वहिनीनं आईकडे बघितलं. आई तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "वहिनींची धरा की मामा. स्वयंपाकघर त्यांचंच हाय आता. आम्ही काय, पाव्हणे."

आईनं हातातला कप खाली ठेवला. "धरा तिचीच," ती म्हणाली आणि बाहेर गेली. वहिनी मुकाट भिंतीला उभी राहिली. रेघ पडली.

ओटा झाला. काळा, गुळगुळीत, बघत राहावा असा. पुढचे तीन शनिवार मी आले, जेवले आणि गेले. भाकरी कडेला फाटत होत्या हे मला दिसलं, पण मी म्हटलं पीठ जुनं असेल. खरं म्हणजे मला दुसरंच खुपत होतं. मी त्या ओट्यापाशी कांदा चिरायला उभी राहिले तर तो मला अगदी बरोबर येत होता. वहिनी आणि मी एकाच उंचीच्या. हे मी तोवर कधी मोजलंच नव्हतं.

चौथ्या शनिवारी आई उंच दिसली. ओट्यापाशी उभी, परातीत भाकरी थापत, आणि तिचे खांदे नेहमीच्या जागी होते. मी खाली बघितलं. तिच्या पायाखाली दगड होता. जुन्या ओट्याचा कडप्पा, दोन थर करून सिमेंटनं बसवलेला, टवक्याची कड भिंतीकडं.

"हे कुणी केलं?"

"तिनं. मामांना बोलवून घेतलं परत." आई भाकरी फिरवत होती. "थापताना माझं खांदं कानाला लागत व्हतं. उंच पडला न्हवं वटा. मी काय बोलले न्हाई कुणाला. तिनंच बघितलं."

तो ओटा उंच का पडला हे त्या घरात तिघींना माहीत होतं. कडप्प्यासाठी मी दुकानदाराशी भांडले, खोटं केलं, वहिनीला टोमणा मारला, आणि आईचं कोपर कुठं येतं ते एकदाही बघितलं नाही. फाटकी भाकरी तीन आठवडे मी खाल्ली. दिसलं तिला.

मला लाज वाटली हे खरं. पण मत्सर गेला असं म्हणाले तर ते पत्रक होईल. तो कडप्पा मी ठेवायला हवा होता. माझा होता तो दगड.

वहिनी दाराशी लसूण सोलत बसली होती. आई पाठमोरीच म्हणाली, "पिठाचा डबा दे गं."

आम्ही दोघी पुढं झालो. डबा वहिनीच्या जवळ होता. मी आधी उचलला.