बघण्याचा कार्यक्रम, शिवडीच्या सिमेट्रीत

माझा नवरा सुट्टीच्या दिवशी कबरी बघायला जातो, हे मी लग्नानंतर सहा महिने माहेरी सांगितलं नव्हतं.

आमचे हे, तुळशीदास मेस्त्री, घाटकोपरला संगमरवरावर अक्षरं कोरतात. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव, भूमिपूजनाचा दगड, असलं काम. सगळं छिन्नीने. शिवडीला इंग्रजांच्या काळातली जुनी सिमेट्री आहे ना, तिथली दीडशे वर्षांची अक्षरं बघितली की ह्यांचं पोट भरतं. गावाहून पाहुणे आले की राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि सिमेट्री, असा ह्यांचा मुंबई दाखवायचा बेत. मी खपवून घेत आले. पण गेल्या रविवारी ह्यांनी कहर केला.

आमच्या लेकीने, गंधालीने, प्रांजलशी स्वतःच जमवलंय. मुलगा झकास. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. मुलुंडच्या सुगंधाताई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, बोलणं मोजकं. "आधी घरची माणसं बघते, मग सांगते," म्हणून एकट्याच आल्या. पोहे चिवडले, चहा अर्धा ठेवला, होकार नाही की नकार नाही. गंधाली स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करतेय, मी घामाघूम.

तेवढ्यात हे म्हणाले, "ताई, जेवणाला अवकाश आहे. चला, एका शांत ठिकाणी फिरून येऊ."

मला वाटलं, जवळची बाग असेल. टॅक्सी शिवडीकडे वळली तेव्हा ह्यांचा बेत कळला.

"अहो, तुमका काय कळता की नाय?" मी ह्यांच्या कानात म्हटलं. "सोयरीक जुळवायला आलेल्या बाईला मसणात नेतात?"

"मसण कसलं गं, झाडं बघ किती आहेत."

झाडं होती, खरंय. सावली होती, चिटपाखरू नव्हतं, नाक उडालेला एक देवदूत होता. घरी गेल्यावर सगळ्यांनी आंघोळ करायची की नुसते पाय धुवायचे, ह्या विचारात मी. गंधालीचा फोन आला, कुठे आहात म्हणून. सांगितलं तर म्हणते, "सिमेट्रीत? मम्मी, माझी वाट लागली."

हे मात्र बाह्या दुमडून ओल्या रुमालाने एका दगडावरचं शेवाळ पुसत होते. "ताई, डोळे मिटून अक्षरांवर बोट फिरवा. छिन्नी कुठे थांबली ते कळतं." आणि बाईंनी खरंच डोळे मिटले, बोट फिरवलं. मग स्वतःच पुढच्या दगडाकडे गेल्या, मग त्याच्या पुढच्या.

एका ठिकाणी थांबल्या. वरच्या अर्ध्यात कुणा साहेबाचं नाव, साल १८७४. खालचा अर्धा भाग गुळगुळीत, कोरा.

"हे काम अर्धवट राहिलं का?"

"नाही ताई. ती जागा बायकोसाठी राखलेली असणार. बाई आलीच नाही. विलायतेला परत गेली असेल, नाहीतर दुसरं लग्न केलं असेल."

मी कपाळाला हात लावला. नवरा गेलेल्या बाईपुढे हे काय बोलणं झालं?

"केलं असेल तर बरंच झालं," हे चालूच. "नवऱ्याच्या नावाखाली किती वर्षं जागा धरून बसायचं?"

सुगंधाताई हसल्या. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता डोळे पुसले आणि तिथल्या बाकावर बसल्या. मीही शेजारी बसले.

"बारा वर्षांत प्रांजलने मला मॉल दाखवले, डॉक्टर दाखवले," त्या म्हणाल्या. "असं निवांत कुणी कुठे आणलं नव्हतं." मग पदर सारखा केला. "लग्न माझ्याकडून पक्कं. पण एक अट आहे."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. आता सोनं निघणार की गाडी निघणार, देव जाणे.

"आमच्या दारावर अजून प्रांजलच्या पप्पांच्याच नावाची पाटी आहे. ती राहू दे. पण तिच्याखाली मेस्त्रींनी एक नवीन पाटी करून लावायची. माझ्या आणि गंधालीच्या नावाची. माझं नाव त्या दारावर कधी नव्हतंच."

 मी त्यांचा हात घट्ट धरला. ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "आधी कुणाचं घालू?"

"माझं," सुगंधाताई म्हणाल्या. "मोठी मी आहे."