पाडव्याची बॅच

बदलापूरला कुंदाच्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चाले. आठ मशिनांची टकटक गल्लीला इतकी सवयीची झाली होती, की ती थांबली की समोरची बाई दारातून विचारी, "आज सुट्टी का हो?" सत्त्याण्णव साली मात्र ती आपोआपच विरळ होत गेली. मुली उल्हासनगरला कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागल्या. उरलेल्यांपैकी सोनी जरा धीट. ती एक दिवस म्हणाली, "बाई, आम्ही चौघी पाडव्यापर्यंत थांबतो. तुमचा कॉम्प्युटर आला तर इथंच. नाहीतर तिकडे नाव घालणार."

चौघी गेल्या असत्या तर क्लास गेलाच असता. कुंदाने उल्हासनगर कॅम्प एकमधल्या टहलरामच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला. त्यात सीडी लावायची सोय नव्हती, म्हणून विंडोज फ्लॉप्यांवरून घालायचं होतं. एकामागून एक, क्रमाने. टहलरामने फ्लॉप्या एका लांबट खोक्यात उभ्या लावून दिल्या आणि बजावलं, "मॅडम, रेडिओ, स्पीकर, सगळ्यापासून दूर ठेवा. त्यात मॅग्नेट असतं, ते सगळं खाऊन टाकतं."

कुंदाने रेडिओ त्याच दिवशी आतल्या खोलीत हलवला. खोकं टेबलावर ठेवलं, तर सासूबाई पुढे आल्या. कौसाबाई बारवी धरणाकडच्या, शेतात राबलेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सुनेच्या क्लासचा अभिमान गावभर मिरवायच्या.

"विद्येची वस्तू अशी पोरींच्या चपलांसमोर ठेवतात व्हय? संध्याकाळी देवापाशी ठेवीन. सकाळी तुला काढून देईन."

कुंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर कौसाबाईंची पाण्याची बाटली असे. तिच्या शेजारी खोकं सरकलं, वर हळदकुंकू वाहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी कुंदा विंडोज घालायला बसली. एकेक फ्लॉपी घरघरत गेली, पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकत राहिली. शेवटच्या दोन फ्लॉप्या उरल्या आणि यंत्र अडलं. वाचता येत नाही, म्हणे. पुन्हा घातली, फुंकर मारली, पुन्हा तेच.

टहलरामने त्या दोन्ही भरून दिल्या आणि दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवल्या. घरी आणून दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर त्याच दोन पुन्हा मेलेल्या. मग तो स्वतः आला, ड्राइव्ह पुसली, केबल बदलली, व्होल्टेज पाहिलं. "मेरे यहाँ तो मक्खन के माफिक चलता है," तो डोकं खाजवत म्हणाला. "तुमच्या घरात काय होतं त्याला?"

"आमच्या घरात काही होत नाही," कौसाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "तुझ्याच मालात खोट असंल."

"अम्मा, तुम्ही चहा चांगला करता म्हणून ऐकून घेतो."

तिसऱ्यांदा तो फ्लॉप्या देऊन गेला तेव्हा पाडवा चार दिवसांवर आला होता. आणि दुसऱ्या सकाळी तर नवलच झालं. पहिलीच फ्लॉपी वाचली गेली नाही. दुसरीही नाही. मागच्या वेळच्या शेवटच्या दोन मात्र तपासल्या, तर ठणठणीत.

कुंदा खोकं पुढ्यात घेऊन बसून राहिली. वीस वर्षं तिने मुलींचे कागद तपासले होते. चुकलेल्या अक्षरांवर गोल करायचे, पण ओरडायचं ते अक्षरावरून नाही. वेगवेगळी अक्षरं चुकत असली, तरी सगळी एकाच करंगळीची निघत. 'अक्षर पाहू नकोस, बोट पाहा,' हे तिचं ठरलेलं वाक्य.

मग इथलं बोट कुठलं?

तिने खोक्यावरचं कुंकू पाहिलं. रोज ते शेवटच्या फ्लॉप्यांच्या टोकाला असे, आज पहिल्या फ्लॉप्यांच्या टोकाला ताजं लागलं होतं. म्हणजे काल खोकं फिरवून ठेवलं गेलं होतं, पहिल्या फ्लॉप्या बाटलीकडे. नंबर कुठलाही असो, फ्लॉपी मरत होती ती बाटलीकडच्या टोकाची.

ती उठली आणि बाटली उचलली. खाली मखमलीचा तुकडा होता, त्याच्याखाली काळी, जड चकती. कुंदाच्या पदराला लावलेली पिन खटकन चकतीला जाऊन चिकटली.

मागे कौसाबाई उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या.

"जत्रेत घेतलं," त्या म्हणाल्या. "चुंबकाचं पाणी. रातभर बाटली त्यावर ठेवायची, सकाळी प्यायचं. गुडघ्याला बरं असतं म्हणाला तो. मागं तांब्याच्या कड्याला तू हसलीस, म्हणून सांगितलं नाही."

कुंदा हसली होती खरी, आणि चार बायकांसमोर. तिने चकती पुन्हा मखमलीत गुंडाळली. मग टहलराम काय म्हणाला होता, चुंबकाने फ्लॉपीवरचं सगळं कसं पुसलं जातं, ते सावकाश समजावून सांगितलं.

कौसाबाई मटकन पाटावर बसल्या.

"म्हंजे पोरींची विद्या इतके दिवस मीच प्यायले?"

कुंदाला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कौसाबाई आधी रागावल्या, मग त्याही हसू लागल्या.

टहलरामने पहिल्या दोन फ्लॉप्या पुन्हा भरून दिल्या. हकीकत ऐकून तो म्हणाला, "अम्माला सांगा, माझा माल साफ होता." बाटली आणि चकती स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, आणि ती तिथे नेऊन ठेवली कुंदानेच. निळी पट्टी शेवटपर्यंत पोचली तेव्हा कौसाबाई शेजारी हात जोडून बसल्या होत्या.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर चौघी आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. सोनीने पहिलं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षर उमटलं.

"आजी, पाणी मिळेल?" थोड्या वेळाने ती आत येऊन म्हणाली आणि खिडकीतल्या बाटलीकडे हात नेऊ लागली.

"त्यातलं नको गं पोरी," कौसाबाईंनी घाईघाईने माठातलं पाणी पेल्यात ओतलं. "ते म्हाताऱ्यांचं. शिकणाऱ्यानं पिऊ नये, शिकलेलं पुसलं जातं."