देवाजी ड्रायव्हरची सहा इंजेक्शनं

कंडक्टरच्या नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपणहून येऊन बसतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत. माझ्याकडे इतके साठलेत की घरचे म्हणतात, लिहून काढा, म्हणजे जेवताना ऐकावे तरी लागणार नाहीत. बरेचसे हसण्यावारी नेण्यासारखेच आहेत. पण देवाजीभाऊचे सांगायला बसलो की माझा आवाज आपोआप खाली येतो.

देवाजी लांजेवार मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट-बैहर बसचा ड्रायव्हर, मी त्याच गाडीवर कंडक्टर. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. भाऊ पंचेचाळिशीचा, धिप्पाड, गालांवर चढलेल्या मिशांचा. त्याच्या मानेला गाठ आली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे. नवीन औषधं निघाली आहेत, शिरेतून द्यायची. तीन-तीन आठवड्यांनी, सहा वेळा.

मग त्यांनी तयारी सांगितली. किडलेले दात आधी काढून टाका, तोंड येतं तेव्हा त्रास देतात. तंबाखू बंद. पाणी उकळून. उलट्या होतील, केस जातील, बोटं बधिर होतील.

देवाजीभाऊ सगळं ऐकून म्हणाला, "एवढी तयारी तर माह्या लग्नातही नव्हती, साहेब."

त्याच आठवड्यात त्यानं एका बैठकीत चार दाढा काढून घेतल्या.

*

केस जाणारच, तर आपणच काढून टाकू, असं त्याची बायको अनसूयावहिनी म्हणाली. गळणाऱ्या मिशा रोज उशीवर पाहायच्या, हे तिला नको होतं. आम्ही बसस्टँडजवळच्या न्हाव्याकडे गेलो. डोकं त्यानं केलं, पण मिशीजवळ येऊन वस्तरा खाली ठेवला.

"बाप जिवंत असताना मिशी काढत नाही मी. बाप गेल्यावर काढतात."

त्याचं खरं होतं. दोन दिवस ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी, ही गोष्ट कानावर गेल्यावर, किरनापूरहून पहिल्या बसनं देवाजीभाऊचे वडील आले. पंच्याहत्तरीचे, काठी टेकत. लेकाला घेऊन सरळ न्हाव्याच्या दुकानात गेले आणि त्याच्याशेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांच्याही मिशा होत्या, पांढऱ्याशुभ्र.

म्हणाले, "आधी माही काढ, मंग त्याची. यमाले समजू नाही दे, कोण गेला ते."

न्हाव्यानं वस्तरा पुन्हा उचलला, आधी म्हाताऱ्याची काढली, मग लेकाची. दोघांनाही कुठे कापलं नाही.

*

तेव्हा कॅन्सर म्हटलं की लोक लागणीचा आजार समजायचे. स्टँडवर आमचा चहा ज्या हॉटेलात असायचा, तिथल्या मालकानं एका कोपऱ्यात वेगळा ग्लास ठेवला. देवाजीभाऊ आला की तोच ग्लास यायचा. बाकावरचे लोकही थोडे सरकून बसायचे. माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात देवाजीभाऊच म्हणाला,

"बरोबर करून राह्यले तुम्ही. दूरच बसा. डॉक्टरनंच सांगतलं, या इंजेक्शनात अंगातली ताकद जाते, दुसऱ्याचा सर्दी-पडसा मले चालत नाही. अन् शेठ, ग्लास वेगळा ठेवला ते चांगलं केलं. आता तो उकळूनही देत जा."

 त्यानंतरचे चार महिने तो ग्लास हॉटेलवाल्यानं कोणाला धुवायला दिला नाही. स्वतः उकळायचा, स्वतः आणून द्यायचा.

*

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मी सोबत होतो. परतताना नागपूर ते गोंदिया आणि तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं बालाघाटपर्यंत देवाजीभाऊला उलट्याच उलट्या. मोठ्या माणसाला असं गळालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला त्रासापेक्षा लाजच जास्त वाटत होती. बैहरच्या घाटात गाडीत कोणी ओकलं की हाच वीस वर्षं ओरडत आला होता.

पुढल्या फेरीला मी गाडीत ही गोष्ट सांगितली. घाटातल्या एका गावाची बुधियाबाई रोजची प्रवासी. म्हातारी, दर फेरीला ओकणारी. भाऊच्या सगळ्यात जास्त शिव्या तिनंच खाल्लेल्या. ती ऐकत राहिली आणि उतरताना माझ्या हातात सुक्या आवळ्याची पुरचुंडी ठेवून म्हणाली,

"उनको बोलना, खाली पेट मत जाना. और सरमाना मत. सरम से जादा होता है."

मी निरोप जसाच्या तसा दिला. देवाजीभाऊनं पुरचुंडी सोडली आणि एक आवळा तोंडात टाकला.

दुसऱ्या वेळी तो फुटाणे खाऊन गेला. वॉर्डात बसल्यावर मांडीवर तसराळं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी आता ओकणार आहो. ज्याले लाज वाटत असन त्यानं तिकडे पाहा."

पलीकडच्या खाटेवरचा एक मास्तर, जो सकाळपासून तोंड दाबून बसला होता, म्हणाला, "मलाही एक तसराळं द्या हो."

*

इंजेक्शननंतर तीन-चार दिवस त्याला वास सहन व्हायचा नाही. फोडणीचा तर नाहीच. मोहरी तडतडली की पोटात ढवळायचं. अनसूयावहिनी त्या दिवसांत नुसता मऊ भात शिजवायची.

तिसऱ्या इंजेक्शननंतर मी भेटायला गेलो, तर देवाजीभाऊ खाटेवर कान देऊन पडलेला. म्हणाला, "बापू, गल्लीत कोणी मेलं काय?"

"नाही. काहून?"

"चार दिवस झाले, कोणाच्याच घरची फोडणी ऐकू नाही आली."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. नऊ घरांची गल्ली. वहिनीनं कोणाला काही सांगितलं नव्हतं, कोणी बैठकही घेतली नव्हती.

*

पाचव्या इंजेक्शनपर्यंत गाठ हाताला लागेनाशी झाली, पण बोटं बधिर झाली. सदऱ्याचं बटण लागेना. ड्रायव्हरचं सगळं हातात. आजाराला न घाबरलेला माणूस इथे घाबरला. दोन दिवस जेवला नाही.

वहिनीनं एके सकाळी अंगणात त्याच्यासमोर सूप ठेवलं. सुपात तांदूळ, त्यात खडे.

"निवडून द्या."

"हे माह्यं काम आहे काय?"

"आतापासून आहे."

पहिल्या दिवशी मूठभर तांदळाला दोन तास लागले. येणारे-जाणारे हसायचे. धिप्पाड, बिनमिशीचा देवाजी ड्रायव्हर अंगणात बसून तांदूळ निवडतोय. तो मान वर करायचा नाही. सहावं इंजेक्शन झालं, त्यानंतरही तीन महिने त्यानं हे सोडलं नाही. शेवटी शेवटी शेजारणी आपापली सुपं आणून ठेवायला लागल्या.

*

डॉक्टरांनी कामावर जायचा कागद दिला, पण आमच्या मॅनेजरसाहेबांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, आधी बैहरपर्यंत रिकामी गाडी नेऊन दाखव, मी सोबत बसतो.

सकाळी गाडी स्टँडवर लागली आणि लोक चढायला लागले. मी दारात आडवा झालो. सांगितलं, ही चाचणीची गाडी आहे, ड्रायव्हर आजारातून उठलाय, त्याच्या बोटांची परीक्षा आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पण गाडी बैहरलेच चालली ना?"

"हौ."

"मंग सरक."

साहेबांनी हात झटकला, म्हणाले, बसू दे. ते स्वतः पुढच्या सीटवर बसले, दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून. घाटभर त्यांनी तो सोडला नाही. एका वळणावर लाकडांचा ट्रक अंगावर आला. देवाजीभाऊनं गाडी डाव्या अंगाला घेतली, थांबवली, ट्रकला वाट दिली आणि पुन्हा उचलली. मागे एका बाईच्या मांडीवरचं पोर जागं झालं नाही.

बैहरला उतरल्यावर साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"देवाजी, खरं सांग. बोटांना सगळं कळतं का?"

"नाही साहेब. तीन बोटं अजून नाही समजत."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग गाडी चालवली कशानं?"

"सातानं."

 परतीच्या फेरीला साहेब त्याच पुढच्या सीटवर बसले आणि घाट लागायच्या आत खिडकीला डोकं टेकून झोपले. बालाघाटच्या स्टँडवर मीच त्यांना उठवलं.