मामांना सोडून येताना

ओंकार गेला तेव्हा मी खाली दूध आणायला गेले होते. वर आले तर शेजारच्या काकू दारात उभ्या. त्यांनी सांगितलं, आणि मला सुचलं ते एवढंच, की दूध तापवायला हवं... ते तापवलंही. रडू नंतर येईल, असं सगळे म्हणाले. महिना होऊन गेला, आलं नाही.

ओंकार माझा धाकटा भाऊ. तो नांदेडला नोकरीला, मी लातूरला शाळेत. आईवडील गेल्यावर आमचं नातं फोनवर चालायचं, आणि फोनवर विषय एकच, त्याच्या कॉम्प्युटरवरचा खेळ. जादूचं राज्य, राक्षस, आणि आपल्यासोबत चालणारे साथीदार. अवघड निर्णय आला की हा खेळ थांबवून मला विचारायचा, "ताई, काय करू?" मी पोळ्या लाटता लाटता न्याय द्यायचे. साथीदारांत एक म्हातारा तिरंदाज होता. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना. सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं, त्याचा किल्ला थेट आपल्या कंधारच्या किल्ल्यासारखा. म्हणून ते आमचे कंधारचे मामा झाले. "मामा जेवले का रे?" असं मी खुळ्यासारखी विचारायचे, आणि तोही गंभीरपणे "हाव, जेवले" म्हणायचा.

एका रविवारी दुपारी फोन आला. मामा जबर जखमी झाले होते आणि 'मला इथंच सोडून जा' म्हणत होते. न्यायचं की सोडायचं?

"सोडायचं न्हाई," मी म्हणाले.

"अगं, ते सोताच म्हणून राहिले ना. त्यांचं ऐकू का तुझं?"

त्याने त्यांचं ऐकलं. मी कितीतरी दिवस त्याचा फोन उचलला नाही. खेळातल्या माणसापायी सख्ख्या भावाशी अबोला... कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग त्याचं लिव्हर गेलं, आणि मी नांदेडला दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणाले, हैदराबादला नेऊन बघा, पण फार आशा धरू नका. मी गाडीची चौकशी करायला उठले, तर त्याने हात धरला. "ताई, घरी ने. लई थकलो. मामांचं ऐकलं तसं माझं ऐक."

मी ऐकलं, त्याला लातूरला माझ्या घरी आणलं. तेराव्याला चाकूरचे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "हैदराबादला न्यायला पायजे होतं, बाई." मी त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

परवा त्याचं घर आवरायला नांदेडला गेले. कॉम्प्युटर लावून त्याचा खेळ उघडला. खेळ बंद करण्याआधी शेकोटीभोवती बसलेल्या प्रत्येक साथीदाराशी दोन शब्द बोलायची त्याची सवय होती. टाळायचा ते फक्त मामांच्या मुलीला, तीही साथीदारांतलीच. "ती पोरगी एकच इचारती, ताई. मी जातच न्हाई तिच्याकडं." तेव्हा मला हसू आलं होतं.

मी तिच्याकडे गेले. तिने विचारलं, "तुम्ही बाबांना सोडून आलात. पुन्हा वेळ आली, तर तसंच कराल?" खाली दोनच उत्तरं होती, हो आणि नाही. बाहेर रद्दीवाला ओरडत गेला. ओंकारलाही या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं, आणि तरी स्वतःच्या वेळी त्याने माझ्याकडे तेच मागितलं होतं.

मी 'हो' दाबलं.

ती जराशी सरकली. शेकोटीजवळ मामांची जागा रिकामीच होती. तिकडे बघून म्हणाली, "बसा."

मी बसून राहिले.