शेजारच्या सीटवर न बसणारा

माझा धाकटा भाऊ एका जागी बसलेला दिसला, तर तो आजारी आहे असं खुशाल समजा. सगळा रस्ता त्याला भिंगरी म्हणतो. जेवतो उभ्याने, चहा पितो चालत, आणि फोन आला की गॅरेजच्या या दारापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या. आई म्हणते, पोटात होता तेव्हाही मेल्याने पाठ टेकू दिली नाही. मी तसा नाही. त्याच्या गॅरेजला लागूनच माझं टायरचं दुकान आहे आणि मी स्टुलावर बसून शांतपणे धंदा करतो. शाळा मी लवकर सोडली, त्याने माझ्यापेक्षा थोडी उशिरा. पण गाडीच्या वायरिंगचं काम असलं की कुठून कुठून लोक त्याला शोधत येतात. हे मी लिहितोय, कारण तो लिहिणार नाही. लिहायला बसावं लागतं.

लहानपणी त्याने घरातला टेबलफॅन उघडून ठेवला होता. बाबांनी कान पिरगळला, तर हा कान बाबांच्या हातात तसाच ठेवून स्क्रू लावत राहिला. आधी तो पंखा खडखड करायचा, त्यानंतर कधी केली नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तो तिकडून ओरडतो, दादा, पुरे की. मी कशाला पुरे करू? भाऊ माझा आहे.

गाडीत एखादी गोष्ट सरळ बंद पडली असेल, तर मी एक टायर बदलेपर्यंत तो ती शोधून मोकळा होतो. त्याला छळतात त्या येऊन-जाऊन बिघडणाऱ्या गाड्या. रस्त्यावर नखरे करायचे आणि गॅरेजात आणली की एकदम शहाणी. अशी गाडी आली की त्याच्या घरातल्यांचे हाल सुरू.

गाडी शिकवणाऱ्या बाईंची गाडी तशी होती. आमच्या भागातली अर्धी माणसं त्यांच्याकडे शिकली. त्यांच्याकडे एकच गाडी, ती पण जुनी, आणि त्यांच्या सीटपुढेही जास्तीचे क्लच आणि ब्रेक बसवलेले, म्हणजे शिकणारा भलतीकडे निघाला की त्या आपल्या पायाने गाडी थांबवणार. ही गाडी चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटवायची. काटा शून्यावर, स्टेअरिंग दगड, इंजिन बंद. परत किल्ली फिरवली की जसं काही झालंच नाही.

भिंगरीने पहिल्यांदा बॅटरीची टोकं आणि अर्थिंगची पट्टी घासून चकचकीत केली, आणि "झाली" म्हणाला. आठवडाभर चालली आणि पुन्हा तेच. मग एक रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी डबी, बदलला, पुन्हा "झाली" म्हणाला. या वेळेला ती भर चौकात बंद पडली, आणि मागून बस येत होती. बसवाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. शिकणारी मुलगी फूटपाथवर बसून रडत होती म्हणे.

बाई गाडी टो करून घेऊन आल्या. त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. म्हणाल्या, सोमवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. दुसरी गाडी घ्या, तिला पेडलं बसवा, पुन्हा सगळं उभं करा, हे या वयात होणार नाही. क्लास बंद.

"तुमच्यावर राग नाही माझा," त्या भिंगरीला म्हणाल्या. "पण लोकांची लेकरं मी त्यात बसवणार नाही आता."

तो इतकंच म्हणाला, की सोमवारपर्यंत गाडी इथे राहू द्या.

मग सुरू झालं. त्याने स्कॅनर लावला. गाडीत इंजिनचा एक डबा, ब्रेकचा एक, मीटरचा एक, असे छोट्या कंप्युटरचे डबे असतात, आणि पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून ते एकमेकांशी बोलतात. स्कॅनरवर प्रत्येक डब्याची एकच तक्रार होती, बाकीच्यांशी बोलणं तुटलं. बाबा रागावले की आमच्या घरात व्हायचं तसं. पण का तुटलं, कुठे तुटलं, हे कोणी सांगेना.

त्याने वायरींची जुडगी हलवून पाहिली. एकेका कनेक्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून फ्यूजचा डबा तापवला, मग बॉनेटवर बादलीभर पाणी ओतलं. मग गाडी घेऊन निघाला, सगळ्या गतिरोधकांवरून, सगळ्या खड्ड्यांतून. गाडी लोण्यासारखी चालली. परत आला, उघडली, बंद केली, परत निघाला. शनिवार असाच गेला. त्याची बायको ड्रायर शोधत माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "भावजी, त्या गाडीला तरी सांगा, एकदा बंद पड बाई, म्हणजे हा माणूस घरी येईल."

मी त्याला सल्ला दिला. मुख्य डबा बदल, मोकळा हो. मला टायरइतकंच बाकीचंही कळतं. तो गाडीभोवती फिरत म्हणाला, "दादा, एक डबा बिघडला तर तो एकटा गप्प बसेल. इथे सगळे एकदम गप्प होतात. म्हणजे कोणीतरी मधली वायर दाबतंय."

रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावरून तो अर्धा हात धुऊन उठला. आई म्हणाली, जा, तिलाच भरव. मी पण मागोमाग गेलो, भावाला एकटं कसं सोडायचं? तर बाई आलेल्या. पाठीला लावायची उशी, काच पुसायचं फडकं, शिकाऊची पाटी असं आपलं सामान काढून घेत होत्या. पाटी त्यांनी छातीशी धरली होती. भिंगरीने त्यांना विचारलं, बंद पडते तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?

"मी काय करणार? पोरगं चुकतं, घाबरतं, क्लच सोडतं. मी ब्रेक दाबते. तेवढ्यात ही बया बंद पडलेली असते."

"आधी ब्रेक दाबता, की आधी बंद पडते?"

बाईंनी हातातली पाटी टपावर ठेवली. त्यांनी तसा विचारच केला नव्हता. गाडी बंद पडली की शिकणाऱ्याचंच चुकलं, असं धरून चालायची त्यांना सवय.

आणि भिंगरी त्यांच्या सीटकडे बघत उभा राहिला. मला लगेच कळलं. आजवर हा माणूस कोणाच्या शेजारी बसलेला नाही. बसवतच नाही त्याला. स्वतःच्या लग्नात गाडी त्यानेच चालवली, नवरी शेजारी. दोन्ही वेळा ट्रायलला तो एकटाच गेला होता, शनिवारीही एकटाच. बाईंच्या पेडलांना त्याचा पाय कधी लागलाच नव्हता.

तो त्या सीटवर बसला. म्हणाला, "दादा, तू चालव."

मी म्हटलं, बाई आहेत ना. तर म्हणाला, त्या नीट चालवतात, मला जोरात ब्रेक दाबायला लावेल असा माणूस पाहिजे. हे मी ऐकून घेतलं. माझं चालवणं उत्तम आहे, लायसन काढायला दुकानातून सवड मिळालेली नाही इतकंच. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात आम्ही गाडी घेतली.

पहिल्या फेरीत गाडी उड्या मारत गेली. त्या गाडीचा क्लचच तसा आहे. तो शेजारी बसून गुडघा हलवत होता, दार उघडत होता, लावत होता. त्याने हळू ब्रेक दाबला, काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत मी वळण जरा मोठं घेतलं आणि समोर माझ्याच जुन्या टायरांची रास आली. मी ती बघितली होती. पण त्याने दोन्ही पेडलं तळापर्यंत दाबली. सगळे दिवे पेटले, काटा पडला, इंजिन बंद.

"दादा, हलू नकोस," तो हळूच म्हणाला. "मी पाय काढत नाही."

त्याने सांगितलं तशी बाईंनी बॅटरीची वायर सोडवली आणि वायरी तपासायचा मीटर आणून दिला. स्कॅनर लावतात त्या खोबणीत मी मीटरची एक सुई धरली आणि दुसरी गाडीच्या लोखंडाला लावली. दोन गोष्टी कुठे चिकटल्या असल्या की तो मीटर वाजतो. वाजला. त्याने पाय उचलला, मीटर गप्प. पाय तळापर्यंत दाबला, पुन्हा पीं. हे त्याने इतक्यांदा केलं की माझा हात भरून आला. मग मॅट उपटली. बाईंची पेडलं आणि चालवणाऱ्याची पेडलं जोडणारा दांडा खालून जातो. वायरींचं जुडगं आपल्या क्लिपमधून सुटून त्या दांड्याखाली पडलं होतं. हळू ब्रेकला दांडा पोचत नव्हता, पण जोरात दाबला की नेमका त्यावर घासायचा. घासून घासून साल गेली होती आणि आत तांबं चमकत होतं.

बाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जितक्यांदा पोरांना वाचवलं, तितक्यांदा गाडी मीच बंद पाडली. आणि बोलणी त्या बिचाऱ्यांना."

भिंगरीने वायर नवीन जोडली, पीळ घातला, वर रबरी नळी चढवली आणि जुडगं दांड्यापासून लांब नेऊन पक्कं बांधलं. मग बाई आपल्या जागी बसल्या आणि स्टेअरिंगवर पुन्हा मी. मैदानात त्यांनी असे काही ब्रेक दाबले की माझी छाती स्टेअरिंगला टेकत होती. हा गाडीशेजारून वाकून पळत होता, कान बॉनेटकडे. एकदाही दिवा लागला नाही.

बाईंनी फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, उद्या येऊ नका. मग मला म्हणाल्या, "सकाळच्या बॅचला तुमचं नाव घालते हं मी."

मी म्हटलं, बघू, दुकान असतं.

ती गाडी आता रोज आमच्यासमोरून जाते. गिऱ्हाइकांना मी सांगतो, तिची खोड माझ्या भावाने शोधली, आणि चालवत मी होतो. पण भिंगरीने या वेळेला बाईंना "झाली" म्हटलेलं नाही. गाडीचा आवाज आला की ज्या दुसऱ्या गाडीखाली झोपला असेल तिच्याखालून सरपटत बाहेर येतो, हातात पाना तसाच, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत रस्त्यात उभा राहतो. उभा म्हणजे, या पायावरून त्या पायावर.