मेण घट्ट होईपर्यंत

सगळी गल्ली त्याला दातवाले म्हणायची. त्याचे स्वतःचे दात बेताचेच होते, पण गिऱ्हाईक आपल्याच तोंडाच्या काळजीत असतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, काही गिऱ्हाइकं थेटही यायची. तो मागच्या खोलीत त्यांचे प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणावर दात बसवायचा, धातूचं काम असलं तर भट्टी पेटवायचा. अनोळखी माणसांच्या चावण्याची सोय तो दहा वर्षं तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन राहत्या खोल्यांतून करत होता.

जागा घेतली तेव्हा भाडी भराभर चढत होती. तो मुळात घाबरट, आणि घाबरट माणसाला हुशारी सुचली की ती तो लेखी करून ठेवतो. त्यानं स्वतः वकील गाठून करार लिहून घेतला: मुदत दहा वर्षं, दर वर्षी सात टक्के वाढ, त्याहून एक पैसा जास्त नाही, आणि मुदतीआधी जो मोडेल त्यानं दुसऱ्याला सहा महिन्यांचं भाडं द्यायचं. मालकीणबाईंनी बिनतक्रार सही केली. बाईंना कसं बांधून टाकलं, हे तो पुढची पाच वर्षं भेटेल त्याला सांगत होता.

मग जवळची दोन मोठी ऑफिसं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्यांच्यामागे माणसंही गेली. नुसत्या दातवाल्यांच्या गल्लीत ‘भाड्याने देणे’च्या सहा पाट्या लागल्या. सगळ्यांची भाडी उतरली. याचं मात्र शिस्तीत चढत राहिलं. वरच्या मजल्यावर गाडी शिकवणारा एक मास्तर राहायला आला. खोल्या तेवढ्याच, वर गॅलरी जास्तीची. तो सोळा हजार भरायचा. दातवाले चोवीस.

मधले आठ हजार बायकोच्या संध्याकाळच्या पाळीतून येत. दिवसभर ती शाळेच्या ऑफिसात असे आणि सहा ते दहा औषधाच्या दुकानात. नवराबायकोची धड भेट साडेपाच ते पावणेसहा, दवाखान्याच्या वेळेसारखी. भाडं उतरलं तर ती पाळी सुटणार होती.

दहा वर्षं संपत आली तसा बाईंकडून नवा करार आला. जुन्याचीच नक्कल, फक्त तारखा बदललेल्या आणि भाडं चोवीसपासून सुरू.

“जा आणि बोला,” बायको चहा पिता पिता म्हणाली. “पण परवडत नाही म्हणू नका. ते त्यांना पाच वर्षं ऐकू आलेलं नाही. खोल्या तीन महिने रिकाम्या राहिल्या तर त्यांचे किती बुडतील, ते सांगा. वरचा किती देतो ते सांगा. आणि दुसरी जागा बघितलीय म्हणा.”

“बघितली कुठे?”

“मग बघा! खोटं बोलता येत नाही तर खरं करून या.”

त्यानं खरंच एक जागा पाहिली. पंधरा हजार, भरपूर उजेड, मालकही हसतमुख. सामानाची यादी ऐकताना भट्टी आली आणि ते हसू मावळलं. “घरात भट्टी? छे छे!” जाड वायरचं वेगळं कनेक्शन आणि मोरीखाली प्लास्टर अडवणारं टाकं, हे सगळं दातवाल्यांनी आताच्या जागेत पदरमोड करून बसवलं होतं. बसवलं त्या दिवशी बाईंना हौसेनं दाखवूनही झालं होतं: “बघा, आता मी इथून हलत नाही!”

नेमक्या त्याच आठवड्यात बाई त्याच्याकडे आल्या. जुनी कवळी बोलताना वाजायला लागली होती, आणि बाईंना बोलायला तर पुष्कळ लागे. दोन्ही जबडे कसे मिटतात ते नोंदवायला तो मऊ मेणाची पट्टी तोंडात बसवतो आणि चावून धरायला सांगतो. मेण घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळी मिळून दोन मिनिटं.

दहा वर्षांत बाई दोन मिनिटं गप्प बसल्याची ही पहिलीच वेळ. दातवाल्यांना घाम फुटला आणि त्याचबरोबर कंठही.

“बाई, गल्लीत सहा जागा रिकाम्या आहेत. वरचे मास्तर सोळा देतात. मी गेलो तर तीन महिने कुलूप राहील, वर रंगकाम, दलाल. मी एकदाही भाडं चुकवलेलं नाही. सोळा करा. मुदत तीन वर्षं, आणि दोन महिन्यांची नोटीस दिली की दोघंही मोकळे.”

“हं,” बाई म्हणाल्या.

ही संमती समजून त्यानं आनंदानं मेण काढलं. साच्यावर ठेवून पाहिलं, तर खालचा जबडा चांगला बोटभर डावीकडे सरकलेला. रागावलेल्या माणसाचा चावा खरा येत नसतो. माप पुन्हा घ्यावं लागणार होतं, आणि दरम्यान बाईंचं तोंड मोकळं होतं.

“छान बोललात,” बाई म्हणाल्या. “कुणी शिकवलं?”

“घरून.”

“हुशार आहे हो. तिलाच पाठवायचं होतंत.” बाईंनी भट्टीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, जाड वायरीवरून नजर सावकाश छतापर्यंत नेली. “आणि जाणार कुठे?”

त्याला एवढंच म्हणायचं होतं, की पंधरात एक जागा बघितली आहे. ते खरंही होतं. पण पुढचा प्रश्न भट्टीचा असणार, आणि त्याला देण्यासारखं खरं उत्तर नव्हतं. तो हातातलं मेण चोळत राहिला.

“बरं, सोळा,” बाई म्हणाल्या. “वाढही नको. पण तीन वर्षंबिर्षं नाही. मुदत दहा आणि मोडाल तर सहा महिन्यांचं भाडं. तुमचंच कलम आहे, मला आवडलंय ते.”

मास्तर पुढच्या महिन्यात तेरा हजारांच्या जागेत चालला होता, हे दातवाल्यांना ठाऊक होतं. बाईंनाही होतं.

“पाच वर्षं?” त्यानं विचारलं.

“दहा. नाहीतर चोवीस, अधिक सात टक्के.”

बाईंनी नव्या करारातले चोवीस आणि सात टक्के खोडून सोळा लिहिलं, आणि त्यानं सही केली. मग मेण पुन्हा मऊ करून तोंडात बसवलं. या वेळी चावा इतका बिनचूक आला, की असा त्याला वर्षानुवर्षांत मिळाला नव्हता.

महिनाअखेरीला बायकोनं संध्याकाळची पाळी सोडली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला घरी आली आणि पावणेसहा झाले तरी उठली नाही. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. टेबलावरचे चार जबडे बाजूला सारून तिनं करार पुढ्यात ओढला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचला.

“म्हणजे संपेल तेव्हा तुम्ही एकसष्टचे.”

“हो.”

“आणि मी छप्पन्न.”

“आठ हजार सुटले ना पण,” तो म्हणाला.

“सुटले की,” ती म्हणाली. तिनं करार घडी घालून कपाटात ठेवला आणि उठून खिडकी उघडायला गेली. भट्टीची धग होती. खिडकीची वाट वायरीच्या वेटोळ्यांनी आणि प्लास्टरच्या पोत्यांनी अडली होती. ती मध्येच थांबली, वळली आणि म्हणाली, “हे कुठे सरकवायचं?”

त्यानं सगळ्या खोलीवर नजर फिरवली. सरकवायला जागा नव्हती.