कार्नेशनच्या शालिनीताई

शालिनीताई ऑफिसला गेल्या का, हे आमच्या काळाचौकीच्या चाळीत कुणी कुणाला विचारायचं नाही. जिन्यात उभं राहिलं की कळायचं. लवंग, जराशी मिरी आणि त्यामागून गोडसर फूल, असा तो वास कठड्याशी रेंगाळत असायचा. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाईंचा दात दुखतो आणि त्या लवंगेचं तेल लावतात. न राहवून मी विचारलंही. त्या एवढ्या हसल्या की शेजारची दारं उघडली. "दात ठणठणीत आहेत गं माझे! कार्नेशन आहे हे, सेंट. ये आत, लावते तुला."

फोर्टातल्या एका विमा कंपनीत त्या नोकरीला होत्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजय शिवडीला. खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटात, उजेड लागू नये म्हणून खोक्यातच ठेवलेली ती बाटली. "कपड्यावर फसाफसा मारायचं नाही. मनगटाला आणि कानामागे, बस्स. आणि चोळू नकोस, चुरगळतं ते," त्या म्हणाल्या. मी लगेच मनगट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, घाई काय? आधी मसाला येतो, फूल मागनं येतं. चहा घे तोवर." चहा संपता संपता ते खरंच आलं. मी उगाचच त्या दिवशी भांडी घासायला टाळाटाळ केली.

नोकरीला लागल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई आपली खुर्ची यांच्यापासून जरा सरकवून बसायची. कारण कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे तीच बाई विचारायला आली, "शालिनी, कुठलं लावतेस गं?" ताईंनी तिला नाव सांगितलं नाही. हे सांगताना त्यांचे डोळे लुकलुकायचे. मी म्हटलं, "म्हणजे तिला दाखवायला लावायचात!" त्यावर मात्र त्या चिडल्या. "तिच्यासाठी कशाला? मी रविवारी घरात मच्छी साफ करून, आंघोळ करून लावते. कोण असतं तेव्हा बघायला? मला आवडतं, म्हणून."

एकदा मला घेऊन दादरच्या फूलबाजारात गेल्या. कार्नेशनची जुडी उचलून त्यांनी नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी. काहीच वास नाही. फुलवाला म्हणाला, "ताई, वासाला निशिगंध घ्या. हे नुसतं बुकेत घालायचं." ताईंनी तरी जुडी घेतलीच. "दिसायला तरी घरचंच माणूस आहे," म्हणाल्या.

मग आजार निघाला आणि परळच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. केस गेले त्याचं त्यांनी फार मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी नेहमीसारखं कानामागे लावलं आणि त्या धावत मोरीत गेल्या. उलटी थांबेना. "करपलेल्या फोडणीसारखं येतंय गं," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून मुसमुसायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टर म्हणाले, औषधांनी असं होतं, नंतर बहुतेकांचं नाक परत ताळ्यावर येतं. त्या एका वाक्यावर ताई जगायला लागल्या. बरं वाटेल का, हे त्यांनी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. नाक कधी ताळ्यावर येईल, हे मात्र दर खेपेला विचारायच्या.

बाटली त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. मी रुमालाला थेंबभर लावून न्यायची आणि लांबूनच दाखवायची. त्या हुंगायच्या, मान हलवायच्या. "अजून नाही." मी रुमाल पिशवीत गाठ मारून ठेवायची आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलायचो.

शेवटी शेवटी त्या म्हणाल्या, "रुमाल नको. तू अंगाला लावून ये. माणसाच्या अंगावर ते वेगळं येतं." मी लावून गेले, तासभर थांबून, मसाला उडून जाईपर्यंत. वॉर्डच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी हाताने जवळ बोलावलं, अजून जवळ. माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, आलं. मग त्यांचा चेहरा पिळवटला आणि मी घाईघाईने भांडं पुढे केलं. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "जा, साबणाने धुऊन ये. मला तुझ्याजवळ बसायचंय." मी बेसिनवर मनगट घासत राहिले. इतका राग मला कधी कुठल्या वासाचा आला नव्हता.

त्या गेल्या तेव्हा चाळीत आणलं. भावजयीने त्यांना आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं आणि माझ्याकडे बाटली मागितली. हा हट्ट नव्हता, माया होती. साऱ्या चाळीला तेच वाटत होतं. मी म्हटलं, "वहिनी, नको. त्यांना सहन होत नव्हतं."

"अगं, आता कसलं सहन व्हायचंय त्यांना? जन्मभर लावलं त्यांनी. असंच पाठवू?"

"नको," मी म्हटलं. बाटली दिली नाही. वहिनींनी ताईंचा पदर सारखा केला.

त्रिशरण-पंचशील झालं. एकेक जण फुलं वाहून जात होता. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आत्या पुढे आल्या. त्यांना मोतीबिंदू झालेला, दिसत जवळजवळ नाही. त्या ताईंच्या चेहऱ्याजवळ वाकल्या, थबकल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, ही कोण गं? आपली शालू कुठाय?"